डेटा सेंटरची ऊब आमच्या भाताला मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शिवाराच्या बांधावर एक पांढरी मोटार येऊन थांबली. दोन तरुण उतरले, नमस्कार केला, पाणी मागून प्यायले आणि तीन गोष्टी विचारल्या. सलग जमीन किती आहे? 110 केव्हीचे सबस्टेशन इथून किती लांब? बोअरला पाणी किती फुटांवर लागते? कशासाठी हवे, असे मी विचारले तेव्हा ‘डेटा सेंटर’ एवढेच बोलून ते पुढे गेले. त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. देवळाच्या कट्ट्यावर कोणी म्हणतो एकरी कोटी मिळणार, कोणी म्हणतो हजार पोरांना नोकऱ्या लागणार, कोणी म्हणतो विहिरी आटणार. प्रकल्प खरोखर येईल की नाही, कुठल्या कंपनीचा असेल, याचा कागद अजून कोणी पाहिलेला नाही. पण कागद येईल तेव्हा आपण काय मागायचे, हे आधी ठरलेले असावे म्हणून हे पत्र.

मी हुक्केरी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात 31 वर्षे टर्बाइन आणि कूलिंग टॉवरवर नोकरी केली. आता येळ्ळूरला घरची भातशेती बघतो. कॉम्प्युटरमधले मला फारसे कळत नाही, पण उष्णता कुठून येते, कुठे जाते आणि ती घालवायला काय किंमत पडते, हे मी आयुष्यभर हाताळले आहे. डेटा सेंटरचा गावाशी संबंध येतो तो नेमका इथेच.

माझी पुतणी नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये शिफ्ट इंजिनिअर आहे. दिवाळीला आली तेव्हा तिला पडवीत बसवून सगळे समजून घेतले. तिने जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे चित्र काढून दाखवले. मोठा हॉल, त्यात कपाटांसारखे रॅक, रॅकमध्ये सर्व्हर. आपण फोनवरून पाठवलेले पैसे, रेशन दुकानातला अंगठा, पोरांचे निकाल, आपल्या जमिनीचा आरटीसी उतारा, हे सगळे अशा कुठल्यातरी रॅकमध्ये असते. रॅकच्या पुढे थंड हवेची गल्ली, मागे गरम हवेची. मी विचारले, आत फार गारठा असतो काय गं? ती म्हणाली, “काका, पूर्वी लोक उगाच 18-20 अंशांवर ठेवायचे. सर्व्हरला तेवढी थंडी लागत नाही. 27 अंशांपर्यंतची हवा त्यांना चालते, जगभर जी मानके वापरतात त्यांतच तसे लिहिले आहे. एक अंश तापमान वर नेले तरी कूलिंगची वीज दोन ते पाच टक्के वाचते.” रॅकमधल्या मोकळ्या खणांवर साधे पत्रे लावले, म्हणजे गरम हवा पुढे येऊन थंड हवेत मिसळणार नाही, तरी मोठा फरक पडतो. काही काम न करता नुसतेच चालू राहिलेले सर्व्हर शोधून बंद केले तर आणखी. वीज वाचवायला दरवेळी महागडे तंत्रज्ञान लागते असे नाही, लक्ष लागते. कारखान्यात आम्ही गळकी वाफ कान लावून शोधत होतो, ते मला आठवले.

आता मूळ गोष्ट. सर्व्हरला दिलेली वीज शेवटी उष्णताच होते. शंभर युनिट आत गेले की जवळजवळ शंभर युनिट उष्णता बाहेर येते. आमच्या साखर कारखान्यात चिपाड जाळून वाफ करतात, वाफ टर्बाइन फिरवते, वीज होते. पण टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ आम्ही आभाळात सोडत नव्हतो. तीच रस उकळायला जायची. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळायची, दुसऱ्याची तिसऱ्यातला, तिसऱ्याची चौथ्यातला. एकच ऊब चार वेळा राबायची. आपल्या जिल्ह्यात दोन डझनांहून जास्त साखर कारखाने आहेत आणि प्रत्येकात हे चालते. इथल्या कामगाराला उष्णतेचा पुनर्वापर नव्याने शिकवायची गरज नाही.

डेटा सेंटरची उष्णता बाहेर काढायला तीन वाटा आहेत. एक, कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडवून. दोन, कॉम्प्रेसर आणि पंख्यांनी, म्हणजे आणखी वीज खर्चून. तीन, ती कोणाच्या तरी उपयोगी आणून. पहिली वाट आमचे पाणी घेते, दुसरी आमची वीज घेते, तिसरी काहीतरी परत देते.

पाण्याचा हिशेब मी वहीत मांडला. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते. म्हणजे एक युनिट उष्णतेला दीड लिटर पाणी. 10 मेगावॅटचे डेटा सेंटर आजच्या मानाने काही फार मोठे नाही. पण ते ताशी 10,000 युनिट वापरते, दिवसाला 2 लाख 40 हजार. एवढी सगळी उष्णता पाण्यावाटे घालवली तर रोज 3 लाख 60 हजार लिटर पाणी हवेत उडते. टॉवरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून थोडे पाणी सतत काढून टाकावे लागते ते वेगळे. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर धरले आहे. त्या हिशेबाने हे साडेसहा हजार माणसांचे पाणी झाले. राकसकोपच्या जलाशयाची पातळी किती उतरली, याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपल्याच पानांवर वाचतो. तिथून किंवा आमच्या बोअरमधून हे पाणी द्यायचे झाले तर गावाने कशासाठी हो म्हणायचे?

विजेचेही तसेच. या धंद्यात पीयूई म्हणून एक आकडा असतो. आतल्या यंत्रांना जेवढी वीज लागते त्याच्या किती पट वीज सगळ्या सेंटरला लागते, तो हा आकडा. एक म्हणजे आदर्श. जगाची सरासरी बरीच वर्षे दीडच्या थोडी वर अडकून आहे आणि गुगलसारखी कंपनी आपल्या सेंटरांची सरासरी 1.1 च्या आसपास सांगते. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. 10 मेगावॅटची यंत्रे असतील तर दीडच्या हिशेबाने 15 मेगावॅट लागतात आणि 1.2 च्या हिशेबाने 12. मधले तीन मेगावॅट म्हणजे दिवसाला 72 हजार युनिट. पाच एचपीची मोटर सात तास चालली तर साधारण 30 युनिट जळतात. म्हणजे नुसत्या ढिसाळ कूलिंगमध्ये 2,400 शेतीपंपांची वीज जाते. 2023 च्या दुष्काळात शेतीपंपांची सात तासांची थ्री फेज पाच तासांवर आली होती, तेव्हा रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणाऱ्यांत मीही होतो. सेंटरला वीज 24 तास, 365 दिवस, एकसारखी लागते. तिथे एक क्षणही लाईट गेलेली चालत नाही. मग टंचाईत कोणाची कपात आधी होणार, हे करारात लिहिलेले असले पाहिजे.

एवढे लिहिले म्हणून मी विरोधात आहे असे कोणी समजू नये. उलट बेळगाव या कामाला चांगले आहे, असे माझे मत झाले आहे. आपले गाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. मार्च ते मे सोडले तर दिवसाही फार तापत नाही आणि रात्रीची हवा जवळजवळ बारा महिने 27 अंशांच्या खाली असते. म्हणजे वर्षातले कितीतरी तास कॉम्प्रेसर बंद ठेवून बाहेरच्या हवेवरच काम भागेल. पावसाळ्यातली दमट हवा सरळ आत घेता येणार नाही, मध्ये उष्णता बदलणारा एक्स्चेंजर लागेल, पण ते जमण्यासारखे आहे. मुंबई-चेन्नईच्या उकाड्यात ही सोय नाही. 2024 च्या उन्हाळ्यात बेंगळूरला पाण्यासाठी काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिले. राज्याचे 2022 ते 2027 चे डेटा सेंटर धोरण आहे, बेंगळूरबाहेर उद्योग नेण्याच्या योजनेत हुबळी-धारवाड-बेळगाव हा पट्टा आहे आणि केंद्राने 2022 च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला आहे. आज ना उद्या हे लोक इकडे येणारच. आपल्याकडची थंड हवा ही त्यांच्या दृष्टीने संपत्ती आहे. तिची किंमत आपण मागावी.

ती किंमत काय, हे सांगायला मी मुख्यतः लेखणी उचलली.

आमच्याकडे भाताची सुगी दिवाळीच्या आसपास. कापणी झाली की दरवर्षी छातीत धडधड सुरू होते, कारण नेमका तेव्हाच अवकाळी येतो. कापलेले भात शेतात भिजते, मळलेले खळ्यावर भिजते. ताडपत्र्या घालायच्या, काढायच्या, पुन्हा घालायच्या. रस्त्याच्या कडेला डांबरावर भात पसरून पोरे राखणीला बसतात, ते येळ्ळूर, सुळगे, देसूर, नंदीहळ्ळी, कुठेही जाऊन बघा. मागे एका सुगीत माझी 22 पोती चार दिवसांत काळी पडली आणि कोंब फुटले. बेळगाव बासमतीचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना कळेल, असे भात गिरणीवर नेताना काय वाटते. व्यापाऱ्याने निम्म्या भावाला मागितले. ओलाव्याला तो भाव पाडणारच, त्याचेही बरोबर आहे.

कापणीच्या वेळी भातात 20 ते 24 टक्के ओलावा असतो. साठवायला तो 14 वर यावा लागतो. एक टन भात 22 टक्क्यांवरून 14 वर आणायचे म्हणजे त्यातून सुमारे 93 लिटर पाणी काढायचे. बऱ्यापैकी वाळवणी यंत्राला त्यासाठी 150 ते 200 युनिट उष्णता पुरते. आणि हवा किती गरम हवी? चाळीस अंशांच्या आसपास. जास्त तापवले तर तांदूळ भरडताना तुटतो, कण्या होतात. डेटा सेंटरच्या गरम गल्लीतली हवा असते 35 ते 40 अंशांची. नव्या पद्धतीत सर्व्हरवरून पाणीच फिरवतात, ते 45 अंशांनी बाहेर येते. भाताला जेवढी ऊब पाहिजे तेवढीच ते यंत्र फेकून देते! पुतणीने हा आकडा सांगितला तेव्हा मी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

10 मेगावॅटच्या सेंटरमधून ताशी 10,000 युनिट उष्णता बाहेर पडते. त्यातला फक्त दहावा हिस्सा शेजारच्या वाळवणी शेडला मिळाला आणि निम्मी वाटेत गळाली असे धरले, तरी दिवसाला साठ टन भात वाळेल. आमच्यासारख्या दोन-तीन गावांची सुगी ताडपत्रीशिवाय पार पडेल. भात सरले की संकेश्वरी मिरची आहे, हळद आहे, एप्रिलमध्ये खानापूर-चंदगडकडचा काजू आहे. वर्षाचे बारा महिने ही शेड भरलेली राहणार नाही, हे मला मान्य आहे, आणि पावसाळ्यात ती उष्णता हवेतच सोडावी लागेल. पण सुगीचे ते चाळीस दिवस शेतकऱ्याचे वर्ष ठरवतात.

हे काही स्वप्न नव्हे. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात फेसबुकच्या डेटा सेंटरची उष्णता नळांतून घराघरांत जाते. डब्लिनजवळ टाला (Tallaght) इथे ॲमेझॉनच्या सेंटरची ऊब 2023 पासून सरकारी इमारती आणि कॉलेज गरम ठेवते. जर्मनीने 2023 मध्ये कायदाच केला: जुलै 2026 पासून सुरू होणाऱ्या नव्या सेंटरचा पीयूई 1.2 च्या वर नको आणि किमान 10 टक्के ऊर्जा पुन्हा वापरात आली पाहिजे. त्यांना घरे तापवायची आहेत, आम्हाला भात वाळवायचे आहे. मात्र गरम हवा लांब नेता येत नाही. कारखान्यातली वाफेची पाइप लांबली की काय होते ते मी पाहिले आहे. शेड सेंटरच्या भिंतीला लागूनच हवी, आणि पाइप कुठून काढायची हे इमारतीच्या नकाशातच असायला हवे. इमारत उभी राहिल्यावर मागून भोके पाडून हे होत नाही. म्हणून आत्ताच बोलतो आहे.

पाण्याबद्दलही मागणी स्पष्ट आहे. पिण्याच्या पाण्याला हात नको, बोअर नको. बळ्ळारी नाल्यातून शहराचे सांडपाणी येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या भातात शिरते, हे दर पावसाळ्याचे दुःख आहे. ते सांडपाणी नीट शुद्ध करून सेंटरला विकावे. नागपूरच्या भांडेवाडीत दिवसाला 130 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाते. चेन्नईत कोयंबेडू आणि कोडुंगैयूरचे प्रकल्प 2019 पासून उद्योगांना असेच पाणी पुरवतात. डेटा सेंटरसारखे बारमाही, पैसे देणारे गिऱ्हाईक मिळाले तर शुद्धीकरणाचा खर्च निघेल आणि नाल्यातली घाण कमी होईल. आमच्या पिकाला याच्याइतका मोठा लाभ कुठल्या देणगीने होणार नाही. गावात कमानी आणि बाकडी बसवून सामाजिक जबाबदारी पार पाडल्याचे सांगणारे आम्ही पाहिले आहेत. आम्हाला कमान नको.

नोकऱ्यांचे थोडक्यात लिहितो. हजार पोरांना काम लागेल असे जे सांगतात त्यांनी पोरांची फसवणूक करू नये. बांधकामात माणसे लागतात, नंतर अशा सेंटरमध्ये कायमची माणसे मोजकीच. पण इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक, जनरेटर ऑपरेटर ही कामे आपल्या आयटीआयच्या पोरांना जमणारी आहेत. त्यांना आधी प्रशिक्षण द्यावे आणि ते करारात यावे. डिझेल जनरेटरची चाचणी रात्री नको, धूर आणि आवाजाचे माप दर महिन्याला पंचायतीत लागावे.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. 20,000 चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण परवानगी घ्यावी लागते. पण 2006 च्या अधिसूचनेत इमारत-बांधकामांना जनसुनावणीतून सूट आहे, आणि डेटा सेंटर बांधकाम म्हणूनच मोजले जाते. म्हणजे साखर कारखान्याच्या वेळी गावकरी मांडवात उभे राहून बोलू शकतात, तसे इथे होईलच असे नाही. मग राहते ग्रामसभा. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी पिकत्या जमिनींसाठी शेतकऱ्यांना किती वर्षे कोर्ट आणि रस्ता धरावा लागला, ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. निर्णय आधी आणि चर्चा मागाहून, असे झाले की भांडणच उरते.

म्हणून ग्रामसभेपुढे पूर्ण कागद आला पाहिजे. किती मेगावॅट, किती पाणी, कुठले पाणी, पीयूई किती राखणार, उष्णतेचे काय करणार. आणि तो कागद कन्नडबरोबर मराठीतही हवा. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशाने 1956 सालीच मान्य केलेले आहे. माझी वहिनी सत्तर वर्षांची आहे, उताऱ्यावर तिचे नाव आहे आणि तिला कन्नड वाचता येत नाही. तिच्या जमिनीशेजारी काय येणार हे तिला कोणी तिसऱ्याने वाचून दाखवावे, हे मला पटत नाही. तसेच बैलहोंगलच्या शेतकऱ्याला इंग्रजी कागद देऊन सही मागितली तर तेही चूकच. पाण्याच्या आणि विजेच्या मीटरचे आकडे सेंटर सुरू झाल्यावरही दर महिन्याला दोन्ही भाषांत पंचायतीच्या फळ्यावर लागावेत. युरोपात 500 किलोवॅटच्या वरच्या सेंटरांना असे आकडे कळवणे आता बंधनकारक आहे. इथे करायला काय अडचण आहे?

एक विनंती विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला. 1998 पासून ते आपल्या मच्छेच्या उंबऱ्यावर आहे. कंपनी येईपर्यंत थांबायचे कारण नाही. कॉलेजच्या सर्व्हर रूममधून निघणाऱ्या गरम हवेवर दोन पोती भात वाळवून बघता येईल. किती तास लागले, किती कण्या झाल्या, बासमतीचा वास टिकला की नाही, हे या सुगीतच कळेल. गेल्या सहा सुग्यांत आमच्या खळ्यावर भात किती ओले आले, किती दिवसांत वाळले, कुठल्या तारखेला पाऊस पडला, याची नोंद माझ्या वहीत आहे. ज्या विद्यार्थ्यांना हवी असेल त्यांनी घरी यावे, वही देतो आणि लागेल तेवढे ओले भातही देतो.

आपला,
साखर कारखान्याचा एक निवृत्त टर्बाइन ऑपरेटर व भातउत्पादक शेतकरी
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव